पिवळा लागला तेव्हा मी कुठे होतो

त्या मंगळवारी दुपारी साडेचारला मी गाडी चालवत होतो. ताई शेजारी बसली होती. चौकात सिग्नल पिवळा झाला. मी थांबलो. डावीकडून टेम्पो आला. शुक्रवारी सकाळी ताई गेली.

याला आता दोन महिने होतील. कुणाच्या जाण्याबद्दल लिहिताना माणसं बातमी कशी कळली इथून सुरुवात करतात. मला बातमी कळायची नव्हतीच, मी तिथे होतो आणि स्टिअरिंगवर माझे हात होते. माझी थोरली बहीण कुमुद, हिने रत्नागिरीत सव्वीस वर्षं बायकांना मोटार चालवायला शिकवलं. तिच्याबद्दल काहीतरी लिहा, असं तिच्याकडे शिकलेल्या तिघी-चौघी घरी येऊन सांगून गेल्या. मी उभा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात काढला, तेव्हा लिहिणं मला जमेल असं त्यांना वाटलं असावं. मी कागद घेऊन बसतो, दोन ओळी लिहितो आणि दर वेळी एका वाक्यापाशी येऊन अडतो. अपघाताच्या संध्याकाळी पोलिसांना दिलेल्या जबाबात मी सांगितलं होतं की माझी गाडी थांबायच्या रेषेच्या अलीकडे उभी होती. ते खरं नव्हतं. हे आधी सांगून टाकल्याशिवाय ताईबद्दल पुढचं काहीही लिहिणं मला बरोबर वाटत नाही...

मोटार ट्रेनिंगचा क्लास मुळात मेव्हण्यांचा. ते अचानक गेले तेव्हा त्यांची नि ताईची मुलगी सई सहावीत होती, दारात एक जुनी गाडी होती आणि शिकायला नाव घातलेल्या पाच बायका होत्या. तेराव्यानंतर त्यातली एक विचारायला आली, की आमचे उरलेले दिवस कोण शिकवणार? ताई म्हणाली, "मी." तिला गाडी चालवता येत होती, पण शिकवता येतं की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. पुढे तिने इतक्या बायकांना शिकवलं, की बाजारात आम्ही दोघं चालत निघालो तर दहा पावलांवर एखादी स्कूटर किंवा गाडी आमच्याजवळ येऊन हळू व्हायची आणि आतून हाक यायची, "बाई, बसा, सोडते." ताई बसायची नाही. खिडकीतून आत डोकावून म्हणायची, "हाक मारायच्या आधी मागे कोण आहे ते बघितलंस का गो?" त्या बाईचा चेहरा शाळेतल्या मुलीसारखा व्हायचा.

शिकवण्याची तिची जागा म्हणजे शहराबाहेरचा सडा. जांभ्या कातळाचं ते सपाट, काळपट मैदान, पावसाळ्यानंतर थोडे दिवस गवताने पिवळं होतं आणि एरवी नुसतंच तापत असतं. तिथे ताई चुन्याच्या दोन रेषा मारायची. पुढची रेषा सिग्नलला थांबायची. दुसरी तिच्या बरीच अलीकडे, आणि ती शिकणारणीच्या वेगाप्रमाणे आणखी मागे सरकायची, कारण वेग वाढला की गाडी थांबायला रस्ता जास्त लागतो. गाडी धावत असताना ताई मधेच केव्हातरी ओरडायची, "पिवळा!" त्या क्षणी गाडी अलीकडच्या रेषेच्या बाहेर असेल तर थांबायचं. दोन रेषांच्या आत शिरली असेल तर थांबायचं नाही, आहे त्याच चालीने चौक ओलांडून निघून जायचं. आणि दोन्ही वेळा आधी आरशात बघायचं, मागे कोण आहे ते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. "आणि एकदा ठरलं की बदलायचं नाही," ती म्हणायची. "चुकीचं ठरवलंस तर कदाचित निभावेल. ठरवलेलं बदललंस तर कुणालाच कळत नाही तू काय करणार आहेस ते. तुलासुद्धा नाही." आणि गाडी थांबली किंवा पुढे गेली, की ताई विचारायची, "आत होतीस की बाहेर? मागे कोण होतं?" उत्तर मोठ्याने द्यावं लागायचं.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर सड्यावर गेलो होतो, हातात पुस्तक घेऊन, एका दगडाच्या सावलीत. त्या दिवशी मूळची हर्ण्याची जना शिकत होती. तिचा नवरा मासळीचा धंदा करायचा आणि नवऱ्याचा पिकअप आपण चालवायचा असं तिने मनाशी पक्कं केलेलं होतं. ताईने "पिवळा!" म्हटलं की जना डोळे मिटून ब्रेक मारायची. खरोखर डोळे मिटून. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ताई गाडीतून उतरून बाहेर येऊन उभी राहिली.

"डोळे कशाला मिटतेस?"

"आपटलो तर दिसायला नको म्हणून."

"मेले, तुला नाही दिसलं तरी समोरच्याला लागणार आहे ना?"

"बाई, आमची होडी बघा. तिला ब्रेक नाय, सिग्नल नाय. तरी कुनाला आपटली नाय कधी."

"होडीच्या मागे एस्टी येत नाही गो," ताई म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की मला पुस्तकात बोट घालून वर बघावं लागलं. जनाला पुढे लायसन्स मिळालं. आज ती हर्ण्यापर्यंत पिकअप घेऊन जाते. ताई गेल्यावर ती आली तेव्हा ओट्यावर नुसती बसून राहिली. माझ्याकडे तिने बघितलं नाही, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही.

पिवळ्या दिव्यावर ताईने इतका भर का द्यावा, हे आमच्या गावाबाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आमच्याकडे सिग्नल आले ते उशिरा, आणि आले तेही बराच काळ धड चालले नाहीत. आमच्या घराजवळचा सिग्नल महिनोन्‌महिने नुसता पिवळा उघडझाप करत असायचा. त्याचा अर्थ सावकाश, बघून पुढे जा, असा आहे हे खरं. पण रोज तेच बघून लोकांच्या मनात एक पक्कं बसलं, की पिवळा म्हणजे सिग्नल बंद आहे, आपलं आपण जायचं. पुढे सिग्नल नीट सुरू झाले तरी ते मनातून गेलं नाही. पिवळा दिसला की गाड्या जोरात सुटायच्या. आणि आडव्या रस्त्यावरचे लोक स्वतःचा लाल संपायच्या आधीच, सिग्नलवरचे उलटे आकडे तीन-दोन झाले की गिअर टाकून निघायचे. म्हणजे एका बाजूने उशिरा जाणारे आणि दुसऱ्या बाजूने लवकर निघणारे, आणि दोघांच्या मधे ते पिवळे चार सेकंद. "तिथेच माणूस मरतो," ताई म्हणायची. वर्गात सांगावं तसं सांगायची, आवाज न चढवता.

मी या सगळ्यापासून लांब होतो. तरुणपणी मेव्हण्यांच्या आग्रहाखातर लायसन्स काढलं होतं, पण नंतर गाडी कधी चालवली नाही. घरून कॉलेज, कॉलेजमधून घर, संध्याकाळी मांडवीला पाय मोकळे करायला, एवढंच माझं हिंडणं, आणि तेवढं पायी व्हायचं. लग्न केलं नाही. सई नोकरीला पुण्याला गेल्यावर मी ताईकडेच राहायला आलो, त्याला बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि ताईनेही गुडघ्यांमुळे क्लास बंद करून आपली ती गाडी विकून टाकली. तिच्या बाजूला पायाशी वेगळा ब्रेक असलेली ती गाडी. नंतर आठ दिवसांनी ती म्हणाली, "अरू, आता मला कोण नेणार? मी घरात पाय दुमडून बसायची सवय नाही लावून घेतलेली." म्हणून मी जुनी एक लहान गाडी घेतली आणि एकोणसाठाव्या वर्षी पुन्हा तिच्याकडे शिकायला लागलो. ताई म्हणायची, "इतका मठ्ठ विद्यार्थी मला मिळाला नव्हता. आणि फीसुद्धा बुडाली."

माझी अडचण वेगळी होती, आणि ती मला तेव्हा अडचण वाटत नव्हती. मी नियमांचं पुस्तक आणून वाचलं होतं. ग्रंथालयातला माणूस, दुसरं काय करणार? पिवळा म्हणजे थांबा, हे मी पेन्सिलीने खूण करून ठेवलं होतं. गावातले लोक पिवळ्याला सुसाट जातात आणि मी थांबतो, याचा मला थोडा गर्व होता, हे आज कबूल करतो. सड्यावर ताई "पिवळा!" म्हणाली की मी ब्रेक मारायचो, आत असो वा बाहेर. ती चिडायची.

"आत होतास ना? मग थांबलास कशाला?"

"पुस्तकात थांबा लिहिलंय."

"पुढची ओळ वाच, विद्वान. सुरक्षित थांबता येत असेल तर, असं लिहिलंय ना?"

"तेवढं ठरवत बसायला वेळ कुठे असतो? त्यापेक्षा थांबलेलं बरं."

"थांबलेलं बरं, पण कुठे थांबलेलं?" ती म्हणाली. "रेषेवर थांबलास तर बरं. चौकात मधेच थांबलास तर तू थांबलेला नाहीस, तू आडवा आलेला आहेस."

मला हे पटलं होतं. पटणं वेगळं आणि पायात उतरणं वेगळं. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र मी सुधारलो होतो. सड्यावर दहापैकी आठ वेळा बरोबर करायचो. ठरवलेलं बदलायचो नाही. ताईने एकदा सईला फोनवर सांगितलेलंही मी ऐकलं, की तुझा मामा आता माणसात आला. त्यानंतरच आम्ही त्या मंगळवारी पहिल्यांदा दुसऱ्या गावी, पावसला, आमच्या आत्तेबहिणीकडे जाऊन यायचं ठरवलं.

जाताना काही झालं नाही. येताना ऊन उतरलं होतं आणि रस्ता रिकामा होता. ताई पावसला पोटभर जेवली होती, गप्पा झाल्या होत्या, खुशीत होती. एरवी शेजारी बसली की तिची नजर रस्त्यावरून हलायची नाही. स्वतःचा ब्रेक नसतानाही तिचा पाय वळणावळणाला खालचं पायपुसणं दाबायचा. त्या दिवशी शहरात शिरताना ती म्हणाली, "आज बरा चालवतोयस हो. मला बघायला लागत नाही." मला फार आनंद झाला. तेवढ्यात तिच्या पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली आडवी झाली आणि घरंगळत माझ्या बाजूला आली. बाटली ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबला जात नाही, हे ती प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी सांगायची. बाटली तिथे मीच ठेवली होती. ताई घाईने वाकली ती उचलायला... आणि पुढे सिग्नल पिवळा झाला.

मी आत होतो. चाळीसच्या आसपास वेग होता, रेषा दोन गाड्यांच्या अंतरावर होती. काहीही न करता निघून गेलो असतो तर चौक सहज पार होत होता. पण माझा पाय ब्रेकवर गेला. आरशात मी बघितलं नाही. गाडी हळू झाली आणि तिचं तोंड रेषेच्या पलीकडे गेलं, तेव्हा मला ताईचं वाक्य आठवलं, आत असलास तर जा. मी पाय उचलला. गाडी पुढे सरकली. मग डावीकडे चिऱ्यांनी भरलेला टेम्पो हललेला दिसला आणि मी पुन्हा ब्रेक दाबला. तीन वेळा ठरवलं आणि दोन वेळा बदललं. गाडी चौकाच्या मधोमध उभी राहिली. टेम्पोवाल्याचा लाल अजून संपला नव्हता, तो आकडे बघून आधीच सुटला होता आणि उजवीकडे वळताना वळण कापत होता. मी जाणार असं धरून तो माझ्या पाठीमागून वळायला निघाला होता. मी गेलो नाही. धडक ताईच्या दाराला बसली. ती अजून वाकलेलीच होती. बाटली तिच्या हातात होती.

मला खरचटलंसुद्धा नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "सिग्नलला तुम्ही रेषेच्या अलीकडे होतात ना?" त्यांनी असं विचारलं, की हो म्हणणं सोपं होतं. टेम्पोवाला वळण कापत होता, म्हणजे अलीकडे उभ्या असलेल्या गाडीलाही तो लागू शकला असता. धडकेने माझी गाडी सरकलेली होती, ती नेमकी कुठे उभी होती हे कोणाला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "हो." त्यांनी लिहिलं. मी सही केली. अक्षर माझंच होतं, नेहमीसारखं सरळ.

बुधवारी पहाटे सई पुण्याहून आली. त्या दिवशी ताई शुद्धीवर होती. पोटात आत रक्तस्राव झाला होता, ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर काही नक्की सांगत नव्हते. संध्याकाळी सई औषधं आणायला खाली गेली आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. ताईने डोळे उघडले. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण प्रश्न विचारायची पद्धत तीच होती.

"अरू... पिवळा लागला तेव्हा कुठे होतास? आत की बाहेर?"

मी म्हटलं, "बाहेर."

"आरशात बघितलंस?"

"बघितलं."

"मागे कोण होतं?"

क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर काहीच आलं नाही. मग म्हटलं, "रिक्षा."

ती माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही, सलाइनचे थेंब पडताना मला दिसत होते एवढं आठवतं. मग म्हणाली, "बरोबर केलंस." आणि थोड्या वेळाने, "जेवलास का?"

मी जेवलो होतो. तेवढं एक उत्तर त्या दिवशी खरं होतं.

गुरुवारी ती फारशी बोलली नाही. शुक्रवारी सकाळी सात वाजायच्या सुमाराला गेली. पुढचे दिवस घरात माणसं होती, विधी होते, आणि प्रत्येकजण एकच बोलत होता, की काय हे टेम्पोवाले, माणसाच्या जिवाची किंमत नाही. मी मान हलवायचो. सई रडत नव्हती. ती फाइल करत होती, कागद गोळा करत होती, वकिलाशी बोलत होती. "मामा, त्याचं लायसन्स कायमचं गेलं पाहिजे," ती म्हणाली. "तू साक्षीला उभा राहशील ना?" ताईनंतर मला या जगात ती एकच आणि तिला मी एकच. मी म्हटलं, "राहीन." ती पुण्याला परत गेली आणि घर इतकं शांत झालं, की मला माझ्या सहीचा कागद पोलीस स्टेशनच्या कपाटात पडलेला दिसायला लागला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, अंगात धुतलेला शर्ट, पायातल्या चपला त्याने फाटकाबाहेर काढल्या होत्या. मी ओळखलं. चौकात तो दार ओढून ताईला बाहेर काढायचा प्रयत्न करत होता, आणि माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. लांज्याकडच्या एका वाडीतला, नाव दिलीप. मी त्याला आत बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

"काका, भांडायला नाय आलो," तो म्हणाला. "मी आधी सुटलो, ही माझी चूक. ती मी सायबांना सांगितली, कोडतातपन सांगेन. वळन कापलं तेपन सांगेन. जी काय शिक्षा हाय ती घेईन."

"मग?"

"पन तुमी रेषेवर उबे होतात आनि मी येऊन ठोकलं, असं त्या कागदात हाय. तसं नाय काका. तुमी मदी थांबलात. जाताव म्हनताना थांबलात. मी तुमच्या मागनं काढायला बघत होतो." त्याने फाटकाचा गज धरला. "रेषेवर उब्या असलेल्या बाईमानसाला मारलं, असं माझी पोरं गावात ऐकतात. झालंय तेवढंच माझ्या नावावर ऱ्हाऊ दे. जास्तीचं नको."

मी विचारलं, "माझ्या मागे कोण होतं?"

त्याला प्रश्न विचित्र वाटला असावा. "एस्टी होती. ती लांबच थांबली. तिच्या डायवरनंच पानी दिलं की बाईंना."

एस्टी! मला तोपर्यंत माहीत नव्हतं. इतकी मोठी, लाल एस्टी माझ्या आरशात उभी होती आणि मी ताईला रिक्षा सांगितली होती. दिलीप गेला. मी दिवसभर ओट्यावर बसून राहिलो. संध्याकाळी ठरवलं, की पोलीस स्टेशनला जायचं. रात्रीत ते तीनदा बदललं. सई काय म्हणेल, ती पुन्हा या घरात येईल का, हे एकीकडे. आणि दुसरीकडे दिलीपचं ते "जास्तीचं नको." सकाळी उठलो तेव्हा मला नीट दिसलं, की चौकात जे केलं तेच मी आता घरात बसून करतोय, आणि या खेपेलाही मधे सापडणारा दुसराच कोणीतरी आहे. चहा न घेता निघालो.

हवालदारांनी माझं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "काका, पुरवणी जबाब देताय तुम्ही. कळतंय ना? टेम्पोवाला सुटणार नाहीच, तो लाल असताना निघालाय. पण तुमच्यावरही गुन्हा लागेल. सख्खी बहीण गेलीय तुमची. कशाला आणखी..."

"लिहा तुम्ही," मी म्हटलं.

"घरी विचारलंत?"

"घरी कोणी नाही."

त्यांनी लिहायला घेतलं. मी सावकाश सांगत गेलो. पिवळा लागला तेव्हा मी आत होतो. आरशात बघितलं नाही. आधी थांबलो, मग निघालो, मग पुन्हा थांबलो. गाडी चौकाच्या मध्यावर उभी होती. मी पूर्वी सांगितलं ते खोटं होतं. हे शेवटचं वाक्य लिहायला ते तयार नव्हते, 'चुकून सांगितलं' असं लिहितो म्हणाले. मी म्हटलं, चुकून नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं.

सईला फोनवर सांगणं मला जमलं नसतं. ती पहिल्या मासिक श्राद्धाला आली, ब्राह्मण जेवून गेले, मागचं आवरून झालं, आणि ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी भांडी पुसत उभी असताना मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, बाटलीसकट. ती पाठमोरी होती. पातेलं पुसून झालं होतं तरी ती पुसत राहिली.

"म्हणजे तू निघून गेला असतास तर..."

"हो."

"आणि महिनाभर मी त्या माणसाला जन्मठेप व्हावी म्हणून देवाला सांगतेय."

मी पुसलेली ताटं उचलून फळीवर ठेवायला लागलो.

"आईला माहीत होतं?" तिने विचारलं. "तिला काय सांगितलंस?"

"तिने विचारलं होतं. बाहेर होतो म्हणालो."

सई वळली. मी तिला इतकी रागावलेली कधी बघितली नव्हती. "मामा, तू तिला खोटं सांगितलंस? शेवटच्या दिवसांत? तिने विचारलेल्या शेवटच्या गोष्टीला?"

"हो."

"आणि मागे कोण होतं विचारलं नाही तिने? असं होणारच नाही."

"विचारलं. मी म्हटलं, रिक्षा."

सईने पातेलं ओट्यावर ठेवलं. तिच्या तोंडावर असं काहीतरी आलं, की ती हसतेय की रडतेय हे मला कळेना. "रिक्षा!" ती म्हणाली. "अरे मामा... सगळ्या बायका रिक्षाच सांगायच्या. ज्यांनी बघितलेलं नसायचं त्या सगळ्या. आई रात्री जेवताना मला सांगायची, आज पुन्हा दोन रिक्षा झाल्या म्हणून. ज्याने खरंच बघितलंय तो कधी नुसतं रिक्षा म्हणत नाही, तो म्हणतो दोन माणसं बसलेली, डावीकडून येतेय. तू रिक्षा म्हणालास तेव्हाच तिला सगळं कळलं असणार."

बारा वर्षं मी त्याच घरात जेवलो होतो, पण ताटाशेजारी पुस्तक ठेवून. हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"ती 'बरोबर केलंस' म्हणाली," मी म्हटलं. "मग म्हणाली, जेवलास का?"

त्यानंतर सई रडली. महिनाभराचं रडली. मी तिथेच उभा राहिलो, जवळ जायचा मला हक्क आहे की नाही हे कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने तोंड धुतलं. "तिने तुला सोडलं असेल," ती म्हणाली. "ती आई होती माझी, ती सोडेल. मी नाही सोडलेलं. कधी सोडेन मला माहीत नाही. तू मला आत्ता विचारू नकोस."

"नाही विचारत."

"आणि मला यापुढे रिक्षा सांगायची नाही. काहीही विचारलं तरी."

ती दुसऱ्या दिवशी गेली. वकिलाला तिनेच फोन करून सांगितलं, की मामाने जबाब बदलला आहे आणि तो खरा आहे. दिलीपवरचा खटला चालेल, माझ्यावरचाही चालेल, तारखा अजून पडायच्या आहेत. तिच्या मनात माझ्याविषयी काय आहे ते मला ठाऊक नाही. तिने सांगितल्याप्रमाणे मी विचारलेलं नाही.

आता घरात मी एकटा आहे. माझं लायसन्स पोलिसांकडे जमा आहे. रविवारी सकाळी सईचा फोन येतो. ती विचारते, आणि जे असेल ते मी तिला सांगतो.